गजपट्टी

आमच्या भद्रावती पेठेत पाणी पाचव्या दिवशी येतं,
पहाटे तीनला,
आणि या उन्हाळ्यात तिसऱ्याच दिवशी टाकी तळाला.
कोण सांडतंय एवढं, हे मी सासूबाईंना विचारलं नाही,
त्यांनी मला विचारलं नाही.
भांडी तेवढी दोघींनी जरा जोरात आपटली.

मग एका रात्री गच्चीवर गेले.
सासऱ्यांची कापड मोजायची गजपट्टी
टाकीत उभी बुडवली,
ओल चढली तिथवर पेन्सिलीची खूण.
खाली येऊन फर्मान काढलं:
सगळ्या तोट्या बंद. प्यायला माठ, संडासला बादली.
लेक म्हणाला, घरात कुणी गेल्यासारखं वाटतंय.
पहाटे पट्टी पुन्हा बुडवली.
चार बोटं कमी.

उजनीहून शंभरेक किलोमीटर चालत आलेलं पाणी
आमच्या दारात येऊन
शेवटच्या दोन हातांवर कुठे दडतं?

दीर डाइंगमध्ये कामाला. पुडीत चिमूटभर रंग आणला त्याने,
टॉवेलच्या काठाचा निळा.
फ्लशच्या डब्यात टाकून आम्ही तिघं भांड्याकडे बघत बसलो,
अर्धा तास, जणू नवरी बघायला आलोय.
निळं उतरलं नाही.
तिथला संशय फिटला, दिराची बोटं मात्र
आठवडाभर निळी.

मोरीत नाही, बेसिनखाली नाही.
फरशीच्या फटीतून मुंग्या अंडी घेऊन निघाल्या होत्या, कोरड्या मे महिन्यात,
आणि मधल्या खोलीच्या भिंतीवर
मिठासारखं काही फुललेलं, बोट लावलं की झडणारं.
मांजर दुपारभर त्याच भिंतीला पाठ लावून.
सासूबाईंची खाटही तिथेच.

मल्लेशम चिट्याल आला, खांद्याला पान्यांची पिशवी.
तीस वर्षं पॉवरलूमवर, कान लूमनं खाल्ले,
आता नळाची कामं करतो.
मी ओरडून सांगायला लागले तर हात वर केला,
लांब पान्याचं एक टोक भिंतीला टेकवलं,
दुसरं दातांत धरलं,
डोळे मिटले.
वीतभर सरकला. पुन्हा वीतभर.
“इक्कडे,” म्हणाला. “इथंच हाय की ओ. दातांला ऐकू येतं.”

छिन्नीचा पहिला घाव बसला तशा सासूबाई दारात आल्या.
काही बोलल्या नाहीत. पदराचं टोक चावत राहिल्या.
प्लॅस्टर निघालं, मग ओली वीट, तांबड्या चिखलासारखी,
मग गंजलेला पाइप, आणि सांध्यावर
सफेद्यात माखलेलं सूत.
चादरीचं सूत. अजून लाल.

मल्लेशम नखानं गाठ कुरतडत हसला,
“ही नळवाल्याची गाठ नाही.
तुटलेला धागा असा जोडतात, मागावर.
कुणी केलं हे काम?”

सिद्राम जॉबर. मिल बंद झाली त्या वर्षी
नळवाल्याला पैसे कुठले, म्हणून स्वतःच बसले होते पाइप घेऊन.
टिकली म्हणायची, एवढी वर्षं.

सासूबाई तेव्हा बोलल्या, आणि माझ्याशी नाही, भिंतीशी.
“मला वाटलं, तुम्ही येता.
सगळं गाव भाजून निघतंय आणि माझ्या उशाला गारवा.
म्हटलं, सुनेला सांगावं कशाला.”

संध्याकाळपर्यंत नवा पाइप, टेफ्लॉन, सिमेंट.
मल्लेशमनं चहा घेतला, साडेआठशे घेतले,
सुताचा तुकडा कट्ट्यावर ठेवून गेला.
नंतर पाहिला तर तिथे नव्हता.

रात्री पट्टी बुडवली, सकाळी बुडवली.
खूण जिथल्या तिथे.
मी आनंदानं ओरडत जिना उतरले,
तर सासूबाई वळकटी गुंडाळून अंगणात निघालेल्या.
“आत लई उकडतंय गं,” म्हणाल्या.